बालपणीचे घाव आणि प्रौढपणीची आशा

लासूर स्टेशन : कर्जात बुडालेले घर, व्यसनी बाप, अकाली हरपलेले छत्र किंवा पोटासाठी गाव सोडून जाणारे आईवडील अशा परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांविषयी आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. 'या पोराचे आता काही खरे नाही' हे एक आणि 'सोसले म्हणूनच माणूस घडला' हे दुसरे. पहिल्या मतात मुलाचे भवितव्य आधीच निकालात निघते, तर दुसऱ्यात दुःखालाच गुरूचे स्थान मिळते. गेल्या काही दशकांतील मानसशास्त्रीय संशोधन पाहता ही दोन्ही मते अर्धवट ठरतात. बालपणीच्या आघातांची छाया प्रौढपणीच्या मनःस्वास्थ्यावर पडते, हे निर्विवाद आहे. मात्र ती किती गडद असेल हे एकट्या आघातावर ठरत नाही. त्या वेळी मुलाच्या पाठीशी कोण उभे होते, हेही तितकेच निर्णायक असते.

छत्रपती संभाजीनगरपासून पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावरील लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. मनमाडकडे जाणाऱ्या निजामकालीन लोहमार्गावरील रेल्वे स्थानकाभोवती ते वाढले. भोवतालचा गंगापूर-वैजापूरचा पट्टा पावसाच्या भरवशावर जगणारा. २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ या वर्षांत मराठवाड्याने टंचाईचे चटके सोसले. त्या वर्षांत शाळेत जाणारी मुले आज तरुण झाली आहेत. त्यामुळे बालपणीच्या प्रतिकूलतेचा प्रश्न हा येथे पुस्तकी विषय राहत नाही.

प्रतिकूलतेचे मोजमाप

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया अमेरिकेत घातला गेला. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी येणाऱ्या प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. मे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ९,५०८ जणांची उत्तरे होती. त्यात प्रतिकूल अनुभवांचे सात प्रकार धरले होते. पुढे ते दहा झाले. शारीरिक, मानसिक व लैंगिक छळ, शारीरिक व भावनिक उपेक्षा, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन, घरातील मानसिक आजार वा आत्महत्या, आईवडिलांची ताटातूट आणि घरातील व्यक्तीला झालेला तुरुंगवास, असे हे दहा प्रकार.

निष्कर्ष धक्कादायक होता. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक प्रकार अनुभवला होता. चार किंवा अधिक प्रकारांतून गेलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट आढळला. पायरीपायरीने आघात वाढत गेले, तसा धोकाही वाढत गेला. विशेष म्हणजे या अभ्यासातील लोक झोपडपट्टीतले नव्हते. बहुतेक जण आरोग्यविमा असलेले मध्यमवर्गीय होते. बालपणीचा आघात ही केवळ गरिबाघरची गोष्ट असल्याचा समज त्यामुळे खोटा ठरला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे आकडे समूहाचे आहेत. ते एखाद्या व्यक्तीची पत्रिका नव्हेत. चार आघात सोसलेल्या माणसाला नैराश्य येणारच, असा त्यांचा अर्थ होत नाही. शिवाय अमेरिकी प्रश्नावलीत दुष्काळ नाही, जातीचा अपमान नाही, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर नाही आणि बालविवाहही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तयार केलेल्या प्रश्नावलीत समवयस्कांकडून होणारा छळ आणि सामूहिक हिंसा यांची भर घातली गेली. तरीही मराठवाड्यातील बालपणाचा बराच भाग अशा यादीबाहेर उरतो.

भारतातील स्थितीची कल्पना केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून येते. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून हा अभ्यास झाला. दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मारहाण झाल्याचे आणि ५३ टक्के मुलांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसावा लागल्याचे त्यात आढळले. या अहवालानंतर झालेल्या चर्चेतून पुढे २०१२ चा 'पॉक्सो' कायदा आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांची संख्या २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत हजाराच्या वर गेली. अशा प्रत्येक आकड्यामागे बहुधा एक घर आणि त्या घरात शाळेत जाणारी मुले असतात. सरकारदरबारी शेतकऱ्याची नोंद होते, कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. मुलांच्या मनात काय उरले याची नोंद कोठेच होत नाही.

मनावर आणि मेंदूवर

भीती वाटली की शरीर सज्ज होते. हृदयाचे ठोके वाढतात आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. धोका टळला की सारे पूर्ववत होते. परीक्षेची धास्ती, पडणे-झडणे, खेळातील हार असा थोडका ताण मुलाच्या वाढीला पोषकच ठरतो. मात्र धोका घरातच असेल आणि रोज संध्याकाळी दारातून आत येत असेल, तर ही यंत्रणा सतत जागी राहते. मेंदूतील भीती ओळखणारा भाग अतिदक्ष होतो. स्मरण, एकाग्रता आणि संयम यांच्याशी निगडित भागांच्या वाढीवर परिणाम होतो. वर्गात लक्ष न लागणे, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जाणे किंवा दगडासारखे गप्प बसणे या खोडी नसून सावधगिरीच्या सवयी असतात. ज्या घरात त्या जडल्या, तेथे त्या उपयोगाच्या होत्या.

अडचण पुढे येते. घर सुटते, मूल मोठे होते, नोकरी लागते, संसार थाटला जातो. पण सवय सुटत नाही. वरिष्ठाचा आवाज थोडा चढला तरी छातीत धडधडते. कोणी प्रेमाने वागले तर त्यामागचा हेतू शोधला जातो. झोप उडते, अंग दुखते, डोके जड राहते आणि डॉक्टरांच्या सर्व तपासण्या मात्र 'नॉर्मल' येतात. आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा शरीराच्या तक्रारीतून व्यक्त होते आणि त्यामुळेच ते वर्षानुवर्षे ओळखले जात नाही.

आशावाद येतो कोठून?

आशावाद म्हणजे सदैव हसतमुख राहणे नव्हे. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये तो मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. 'पुढे आपल्या बाबतीत वाईटापेक्षा चांगले अधिक घडेल' अशी सर्वसाधारण अपेक्षा, ही त्यांची आशावादाची व्याख्या. जुळ्यांच्या अभ्यासावरून या वृत्तीचा सुमारे एक चतुर्थांश भाग आनुवंशिक असावा, असा अंदाज आहे. उरलेला मोठा वाटा अनुभवाचा. बालपणी जे पेरले जाते, ते येथे उगवते.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे १९६७ चे प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहेत. ज्या कुत्र्यांना काहीही केले तरी विजेचे धक्के टाळता आले नव्हते, त्यांपैकी बहुतेकांनी पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही प्रयत्न केला नाही. याला 'शिकलेली असहायता' म्हटले गेले. मात्र जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूविषयक नव्या संशोधनाच्या आधारे आपला सिद्धांत उलटा केला. दीर्घ आघातापुढे हातपाय गाळणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रियाच असते, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते दुसरेच : आपल्या कृतीने परिस्थिती बदलते, हे.

या दुरुस्तीचा अर्थ फार मोठा आहे. आघात सोसलेले मूल निराश असेल तर तो त्याच्या स्वभावाचा दोष नाही. आपण काही केल्याने काही होते, असा अनुभव त्याच्या वाट्याला पुरेसा आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि हा अनुभव उपदेशाने येत नाही. 'सकारात्मक विचार कर' असे सांगून आशावाद निर्माण होत नाही. स्वतः लावलेले रोप जगणे, अडलेले गणित सुटणे, तक्रार केल्यावर कोणीतरी ती ऐकून घेणे, अशा लहानसहान गोष्टींतून तो साठत जातो.

'सोसले म्हणून घडला' हे मत कितपत खरे, याचेही उत्तर संशोधनात सापडते. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील सुमारे २,४०० व्यक्तींच्या पाहणीतून दाखवून दिले की, आयुष्यात थोडीफार संकटे आलेल्यांचे मनःस्वास्थ्य एकही संकट न आलेल्यांपेक्षा आणि पुष्कळ संकटे आलेल्यांपेक्षा चांगले असते. पेलता येईल एवढे ओझे खांदा बळकट करते. न पेलणारे ओझे तो मोडते. दुःखाचे गोडवे गाताना हा दुसरा भाग सहसा विसरला जातो.

तरलेली मुले

हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, घरातील कलह, व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक संकटांच्या छायेत जन्मली होती. त्यांतील दोन तृतीयांश मुलांना पुढे शिक्षणात, वागणुकीत किंवा मनःस्वास्थ्यात अडचणी आल्या. परंतु एक तृतीयांश मुले कर्तबगार, आत्मविश्वासू आणि इतरांची काळजी वाहणारी माणसे झाली. त्यांच्यात समान काय होते? आईवडील नसले तरी आजी, मोठी बहीण, शेजारी किंवा शिक्षक असे एखादे विश्वासाचे माणूस त्यांच्या वाट्याला आले होते. घरात त्यांच्यावर एखादी जबाबदारी होती आणि ती पार पाडल्याचे समाधानही होते. याहून महत्त्वाची बाब म्हणजे किशोरवयात भरकटलेल्या मुलांपैकी अनेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. पुन्हा सुरू केलेले शिक्षण, स्थिर नोकरी, समजूतदार जोडीदार किंवा श्रद्धेने जोडलेला समाज यांनी त्यांना दुसरी संधी दिली होती.

मराठी वाचकाला अशा कहाण्या नव्या नाहीत. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) आणि किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनांनी भूक, अपमान आणि बेवारसपण सोसलेले बालपण मराठी साहित्यात आणले. बालवयात लग्न झालेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या सिंधुताई सपकाळ पुढे अनाथांच्या माई झाल्या आणि २०२१ मध्ये 'पद्मश्री'च्या मानकरी ठरल्या. मात्र ही नावे पुढे करून 'त्यांना जमले, मग तुला का नाही?' असे विचारणे अन्यायाचे आहे. जे तरले त्यांचीच पुस्तके झाली. त्याच वस्तीत, त्याच बाकावर बसलेली जी मुले बुडाली, त्यांनी लिहिले नाही. अपवादांचे कौतुक जरूर करावे. पण त्यांची पट्टी करून इतरांना मोजू नये.

दुष्काळ आणि भूकंप यांचा धडा

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील दोन मोठी संकटे या संदर्भात बोलकी आहेत. १९७२ च्या दुष्काळात मूल असलेली पिढी आज पन्नाशी-साठी ओलांडून गेली आहे. मिलोच्या भाकरी, शाळेत मिळणारी सुकडी, खडी फोडायला गेलेली आई आणि पाझर तलावाची कामे यांच्या आठवणी मराठवाड्यात अजून सांगितल्या जातात. त्या सांगताना बहुधा लाज नसते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात मजूर होते. संकट सगळ्या गावाचे होते. कामावर सगळे गाव होते. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे वाघोली येथील याच संकुलात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांनाही आधार मिळाला. या प्रयत्नाचे मर्म केवळ अन्न-वस्त्र-निवाऱ्यात नव्हते. मुले आपल्यासारख्याच मुलांबरोबर राहिली. दिवसाला वेळापत्रक होते, शाळा होती आणि वर्षानुवर्षे तीच माणसे सोबत होती.

याउलट वडिलांनी जीवन संपवले, बापाने आईला मारले किंवा नात्यातल्या माणसाने अत्याचार केला, ही संकटे दाराआड घडतात. त्यांना गाव नसते, फक्त कुजबुज असते. मुलाला गप्प राहायला सांगितले जाते. 'लोक काय म्हणतील' या धाकाने दुःखावर झाकण बसते आणि ते आत कुजत राहते. त्यामुळे वाटून घेतलेल्या संकटापेक्षा लपवलेल्या संकटाचा घाव बरेचदा खोल जातो.

चांगल्या अनुभवांची शिदोरी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीवर आधारित निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रिस्टिना बेथेल आणि सहकाऱ्यांनी बालपणातील सात चांगल्या गोष्टींची चौकशी केली. मनातले घरी बोलता येत होते का? अडचणीत घरचे पाठीशी उभे राहिले का? समाजाच्या सणसमारंभांत आनंदाने भाग घेता आला का? शाळा आपली वाटत होती का? मित्रांचा आधार होता का? आईवडिलांखेरीज किमान दोन मोठी माणसे आपल्यात मनापासून रस घेत होती का? घरातील मोठ्या माणसामुळे सुरक्षित वाटत होते का? यांतील सहा-सात गोष्टी लाभलेल्यांमध्ये नैराश्य किंवा ढासळलेल्या मनःस्वास्थ्याची शक्यता, दोन किंवा त्याहून कमी गोष्टी लाभलेल्यांच्या तुलनेत ७२ टक्क्यांनी कमी आढळली. बालपणी आघात सोसलेल्यांनाही या शिदोरीचा फायदा झाला होता.

या सातही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. ग्रामीण मराठवाड्यात त्यांची परंपरा आहेच. लासूरगावच्या दाक्षायणी देवीची यात्रा, पोळ्याला बैल सजवणे, सरला बेटाच्या परंपरेतील हरिनाम सप्ताह, तालमीतील वस्ताद, चुलतीच्या घरचे जेवण हे सारे मुलाला 'तू आमचा आहेस' असे सांगणारे धागे आहेत. संकटात सापडलेल्या घरातील मूल नेमके याच वेळी या धाग्यांपासून तुटते. वडील गेले म्हणून ते यात्रेला जात नाही, फी थकली म्हणून शाळा टाळते, घरचे काम वाढले म्हणून मैदान सुटते. त्याला सहानुभूतीचे शब्द ऐकवण्याहून त्याची शाळा, मैदान आणि मित्र सुटू न देणे अधिक मोलाचे ठरते.

शाळेची जबाबदारी यात सर्वांत मोठी. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. घरी मार खाणाऱ्या मुलाला वर्गातही मार मिळाला, तर त्याच्यासाठी सुरक्षित जागाच उरत नाही. उलट रोज नाव घेऊन चौकशी करणारे एक शिक्षक किंवा शिक्षिका अशा मुलाच्या आयुष्याची दिशा बदलू शकतात.

प्रौढांसाठी मार्ग आणि मदत

ज्यांचे बालपण मागे पडले, त्यांच्यासाठीही दार बंद झालेले नाही. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक डॉ. अल्बर्ट एलिस यांना लहानपणी वारंवार रुग्णालयात राहावे लागले आणि आईवडील क्वचितच भेटायला येत. पुढे त्यांनी मांडलेला सिद्धांत असा की, घटनेइतकाच किंबहुना अधिक परिणाम त्या घटनेविषयी आपण मनाशी धरलेल्या समजुतीचा होतो. 'माझ्यातच काही खोट आहे म्हणून माझ्यावर हे आले' ही आघातग्रस्त मुलाची सर्वांत चिवट समजूत असते. ती तपासून बदलता येते. समुपदेशन, बोधात्मक वर्तनोपचार, गरज असल्यास औषधे, नियमित झोप आणि व्यायाम यांचा त्यासाठी उपयोग होतो. व्यसन हे पुष्कळदा जुन्या वेदनेवर शोधलेले औषध असते. अशा वेळी केवळ दारू सोडवून भागत नाही, आतील दुखण्यावरही उपचार करावे लागतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप व भूक मंदावणे, जुने प्रसंग अचानक डोळ्यांपुढे येणे, स्वतःच्या मुलांवर हात उचलला जाणे किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही आढळल्यास तज्ज्ञांची मदत घेण्यास विलंब करू नये. बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना उपचारांची गरज असलेला मानसिक विकार आढळला आणि विकारांच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील राज्याची चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. लासूर स्टेशन परिसरातील रुग्णासाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजेच 'घाटी'तील मानसोपचार विभाग हे मोठे सरकारी ठिकाण. परवडणारे मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने नागरिकाचा हक्क आहे.

प्रवास शक्य नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम २,२५० रुपये करण्यात आली. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. मूल संस्थेत न पाठवता नात्यातल्या घरी, ओळखीच्या गावात वाढावे हा या योजनेचा हेतू आहे.

बालपणी काय वाट्याला यावे, हे कोणत्याही मुलाच्या हाती नसते. म्हणूनच ते खचले तर त्याचा दोष नाही आणि तरले तर ते केवळ त्याच्या एकट्याचे कर्तृत्व नाही. त्याच्या वाटेवर कोणीतरी दिवा धरलेला असतो. तो दिवा कोणी धरायचा, हा प्रश्न मुलाने सोडवायचा नाही. भोवतालच्या मोठ्या माणसांनी सोडवायचा आहे.